चांदमारीवरची कोनशिला

"हे बघ मैथिली, भूकंप झाला तरी उठायचं नाही," थेटेकाका म्हणाले. "आणि बसायचं ते जरा सरकून बस. बरोबर माझ्या नावावर बसू नकोस."

मी सरकले.

"अजून थोडं. हां. आता तू 'शुभहस्ते'वर आहेस. 'शुभहस्ते'वर चालेल."

माझ्याखाली एक सतरंजी होती. सतरंजीखाली काळाभोर ग्रॅनाइट होता आणि ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं की या क्रीडांगणाचं भूमिपूजन आमचे नगराध्यक्ष मा. श्री. दौलतराव थेटे यांच्या शुभहस्ते झालं. माझ्या एका बाजूला पाण्याचा जार, दुसऱ्या बाजूला स्टीलचे पेले. म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही मुलगी खेळाडूंना पाणी द्यायला बसली आहे. ही कल्पनाही काकांचीच.

"आणि कुणी काही विचारलं तर?" मी विचारलं.

"काय?"

"कुणी काही विचारलं तर काय सांगू?"

"जरा मोठ्याने बोल गं. तुझं बोलणं तुझ्या गळ्यातच राहतं." मग त्यांच्या लक्षात आलं की आज हा दोष कामाचा आहे. "नाही, असंच बोल. काही विचारलं तर असंच काहीतरी बोल, समोरच्याला कंटाळा येऊ दे."

मी तेव्हा सातवीत होते. वर्गात हजेरी देताना बाई माझ्या ओठांकडे बघून मी आहे असं समजून घ्यायच्या. आता मी दहावीत आहे आणि आता आमच्या वर्गात मला गप्प करण्यासाठी एक वेगळी शिक्षा आहे, पण ते नंतर.

आधी चांदमारी. आमच्या शेंदूरघाट गावाच्या टोकाला इंग्रजांच्या काळातलं एक मोकळं माळरान आहे. एका टोकाला मातीचा उंचच उंच बांध. शिपाई दुसऱ्या टोकाकडून गोळ्या झाडायचे, त्या जाऊन त्या बांधात रुतायच्या. गाव वाढत वाढत पार बांधापर्यंत आलं तेव्हा गोळीबार बंद झाला, पण जमीन लष्कराचीच राहिली. फाटकाजवळ पाटी होती, 'आत येण्यास सक्त मनाई'. त्या पाटीला टेकवून सगळं गाव सायकली लावायचं आणि आत जायचं.

आत मुलं क्रिकेट खेळायची. फक्त मुलंच. आमच्या मुलींच्या शाळेला मैदान नाही, एक फरशी घातलेलं अंगण आहे. तिथे आम्ही सायकलींच्या रांगांमधून खो-खो खेळायचो. गुडघे फुटायचे. जिल्ह्याला खेळायला गेलो की मातीवर आम्हाला पळताच यायचं नाही, कारण फरशीवर वळायची सवय. वाघचौरे बाई, आमच्या खेळाच्या बाई, म्हणायच्या, "मुलींनो, आपण हरत नाही आहोत, आपली फरशी हरते आहे."

तर या बाईंनीच अर्ज करकरून नगरपरिषदेच्या मागे लागून चांदमारीची जमीन मैदानासाठी मागायला लावली होती. नगरपरिषदेने लष्कराच्या जमीन खात्याकडे, खात्याने दिल्लीला, दिल्लीने परत खात्याकडे. आम्ही पाचवीत असल्यापासून हे ऐकत होतो. शेवटी वरून होकार आला. जमीन नगरपरिषदेला मिळणार, खेळासाठीच वापरायची, बांधाकडचा अर्धा भाग मुलींसाठी. फक्त एक अट. खात्याचा अधिकारी येऊन बघणार आणि जमीन मोकळी आहे, तिच्यावर कसलंही बांधकाम नाही, असं लिहून देणार. नाहीतर प्रस्ताव रद्द, आणि खातं चहूबाजूंनी भिंत घालून जागा बंद करणार. मग मुलांचं क्रिकेटही गेलं आणि आमचं जे अजून आलंच नव्हतं तेही गेलं.

अट साधी होती. जमिनीवर काही बांधायचं नाही, एवढंच. शेकडो वर्षं त्या जमिनीवर कुणी काही बांधलं नव्हतं. आणखी थोडे दिवस न बांधता राहायचं होतं.

पण निवडणुकीची आचारसंहिता लागणार होती.

एकदा आचारसंहिता लागली की कुठल्याही कामाचं भूमिपूजन करता येत नाही, आणि ज्या कामाच्या दगडावर आपलं नाव नाही ते काम लोक आपलं धरत नाहीत, असं काकांचं म्हणणं. म्हणून जमीन मिळायच्या आधीच त्यांनी भूमिपूजन उरकलं. मंडप, भटजी, नारळ, टिकावाला गुलाबी रिबीन, सगळं. आणि काका फक्त नगराध्यक्ष नव्हते. आमच्या समोरच्या घरात राहायचे आणि त्यांचं फरशीचं दुकान होतं. स्वतःच्या नावाचा दगड त्यांनी स्वतःच्या गोदामातून, अख्खा ढीग उलटापालटा करून निवडला होता. कोनशिला भिंतीत बसवतात. इथे भिंतच नव्हती. मग बांधाजवळ गुडघ्याएवढा विटांचा ओटा बांधला आणि त्याच्यावर ती आडवी ठेवून सिमेंटने पक्की केली.

सुट्टीवरून परतलेले मुख्याधिकारी ते बघून मटकन त्याच्यावरच बसले, असं बाईंनी सांगितलं. म्हणजे त्या ओट्यावर बसणारी मी पहिली नव्हते.

"फोडून टाका," मुख्याधिकारी म्हणाले.

"पूजा झालेली आहे," काका म्हणाले. "पूजा झालेल्या वस्तूला घण लावायचा नसतो. माझ्या घरात मला कुणी जेवायला वाढणार नाही."

त्यातच पुण्याहून खात्याचा फोन आला की उद्या सकाळी पाहणी. मग ठरलं की ओटा झाकायचा. आणि झाकणावर कुणीतरी बसायचं, म्हणजे झाकण उचलायची कुणाला बुद्धी होणार नाही.

"कुणाला बसवायचं?" बाईंनी विचारलं.

आमची कप्तान शबनम तांबोळी लगेच म्हणाली, "मैथिलीला बसवा. ती तशीही बसूनच असते."

हे खरं होतं. मी संघात होते, पण राखीव. धावायला मी बरी होते. पण खो-खोत पाठीवर हात टेकून नुसतं भागत नाही, 'खो' असं खणखणीत म्हणावं लागतं. पंचाला ऐकू गेलं पाहिजे, तरच बसलेली उठून धावते. माझा खो मलाच ऐकू यायचा. बसलेली बसूनच राहायची, मी तिच्या मागे उभी, आणि पंचांची शिट्टी.

"बाई, हिला खेळवलं की आपण दोन संघांशी खेळतो," शबनम म्हणायची. ती वाईट नव्हती. तिला जिंकायचं होतं.

तर मी बसले.

खात्याच्या अधिकारी आल्या. कुरियन मॅडम. साधी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर टोपी. केरळच्या, पण पुण्यात राहून मराठी शिकलेल्या, म्हणजे आमच्यापेक्षा शुद्ध. काकांनी आणलेला हार त्यांनी हातात घेतला आणि मुख्याधिकाऱ्यांच्या गळ्यात घालून टाकला. "याचं ओझं तुम्ही घ्या. मला चालायचं आहे."

आणि त्या चालल्या. अख्खी हद्द. काका, मुख्याधिकारी, बाई त्यांच्यामागे. मॅडम प्रत्येक कोपऱ्यावर थांबून मोबाईलवर फोटो काढायच्या. मी बसल्या जागेवरून बघत होते. ऊन चढत होतं. ग्रॅनाइट मात्र सतरंजीतूनही थंड लागत होता, ते एक सुख होतं.

"हे क्रिकेटवाले कुठे आहेत?" मॅडमनी विचारलं. त्या आता माझ्या बऱ्यापैकी जवळ होत्या.

"सामन्याला गेलेत, मॅडम," काका म्हणाले. "पण मैदान मुख्यतः मुलींसाठीच. लाडक्या मुली आहेत आमच्या."

बाईंनी काकांकडे बघितलं. ते बघणं मला आयुष्यभर पुरेल.

"मग खेळू द्या की त्यांना," मॅडम म्हणाल्या. "प्रस्तावात खो-खो लिहिलंय. मला खो-खो बघायचा आहे."

बाईंनी फक्कीने रेषा आखल्या. दोन खांब आम्ही शाळेतून आणले होते. तिघी पळायला उभ्या राहिल्या. बाकीच्या पाठलागाला. आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की आम्ही मोजून बारा जणी आहोत आणि बारावी पाण्याच्या जारापाशी बसली आहे.

मॅडमच्याही लक्षात आलं. "तो एक चौकोन रिकामा का आहे?"

"एक मुलगी आजारी आहे," काका म्हणाले.

"ही?"

"हो. ताप आहे तिला."

"ताप आलेल्या मुलीला तुम्ही उन्हात बसवलंत?"

मॅडम माझ्याकडे आल्या, कपाळाला हात लावला, आणि माझ्या शेजारी बसल्या. सरळ बसल्या, काकांच्या नावावर.

काकांचा चेहरा मला तेव्हा नीट दिसला. आधी घाबरला. मग हळूहळू त्या चेहऱ्यावर उजेड पडला. मॅडम स्वतःच कोनशिलेवर बसल्या म्हणजे आता झाकायला मैथिलीची गरज नाही. जगात याहून चांगलं झाकण नव्हतं.

"ताप नाहीये तुला," मॅडम म्हणाल्या.

मी मान हलवली.

"मग खेळत का नाहीस?"

"माझा खो ऐकू येत नाही."

"काय?"

"माझा खो ऐकू येत नाही," मी परत म्हणाले, तेवढ्याच आवाजात.

मॅडमनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी नोकरीला लागले तेव्हा सगळे साहेब म्हणायचे, मॅडम, जरा जोरात बोला. मी जोरात बोलायला लागले. आता म्हणतात, मॅडम, जरा हळू बोला." त्या हसल्या. "हळू बोला म्हणतात ना, त्यात जास्त मजा आहे. जा. मी बसते तुझ्या जागी."

मी काकांकडे बघितलं. काका जोरजोरात मान हलवत होते, जा जा जा. भूकंप झाला तरी उठायचं नाही म्हणणारे काका.

मी रिकाम्या चौकोनात जाऊन बसले. माझ्या पुढच्या चौकोनातून शबनमने मान न वळवता विचारलं, "उठलीस होय? दगडाचं काय?"

"मॅडम बसल्यात त्याच्यावर."

"आई गं," शबनम म्हणाली, आणि तिचे खांदे हसून हलायला लागले.

शिट्टी झाली. पहिली पळणारी लगेच मिळाली. दुसरी होती प्राची, ती कुणालाच सापडत नाही, माशासारखी वळते. पण आज माती होती. मातीवर तीही पुढे जाऊन मग वळत होती, आणि आम्ही पाठलागवाल्याही घसरत, धडपडत, खिदळत होतो. असं मोठं मैदान आम्ही कधी पायाखाली घेतलंच नव्हतं. मागून माझ्या पाठीवर थाप पडली, "खो," आणि मी उठले.

प्राची माझ्या पुढे हातभर होती. मी धावले. ती खांबाकडे गेली, मी खांबाला वळसा घातला, ती रांगेतून पलीकडे निसटली. मला पलीकडे जाता येत नाही, पलीकडे तोंड करून बसलेल्या मुलीलाच खो द्यावा लागतो. आणि तशी बसली होती शबनम. प्राची तिच्या अगदी नाकासमोरून चालली होती.

मी शबनमच्या पाठीवर हात टेकला. एक क्षण मला माहीत होतं काय होणार. मी म्हणणार, कुणाला ऐकू येणार नाही, शिट्टी वाजणार.

तेवढ्यात मला बांधाजवळून मॅडमचा आवाज आला, "जोरात, मुली."

"खो," मी म्हणाले.

म्हणाले कसलं. तो आवाज माझ्या पोटातून, गुडघ्यातून, कुठून कुठून आला आणि समोरच्या मातीच्या बांधावर आपटून परत माझ्याच कानात आला. खो. ज्या बांधात इंग्रजांच्या गोळ्या रुतल्या त्याने माझा खो परत पाठवला. शबनम अशी उठली की जणू तिला विंचू चावला. दोन ढांगांत प्राचीचा खांदा तिच्या हातात होता.

"अगं," शबनम धापा टाकत माझ्याकडे वळून म्हणाली, "हा आवाज तू कुठे ठेवला होतास इतके दिवस? घरी विसरायचीस का?"

बाईंनी डाव थांबवला. सगळ्या पाण्यासाठी ओट्याकडे धावल्या, मीही. मॅडम टाळ्या वाजवत होत्या. काका इतके खूश होते की त्यांनी स्वतः पेले भरले. मुख्याधिकाऱ्यांनी बॅगेतून कागद काढून पेन उघडून धरलं होतं. सगळं झालंच होतं. मॅडमनी पेन घ्यायला उजवा हात पुढे केला आणि उठायला डावा हात खाली टेकला. सतरंजीची कड जरा सरकलेली होती. त्यांचा तळवा दगडावर पडला.

"किती थंड आहे हे," त्या सहज म्हणाल्या. "भर उन्हात. दगड कसला आहे हा?"

मुख्याधिकारी म्हणाले, "साधाच, मॅडम. इथला."

बाई म्हणाल्या, "साधाच."

आणि तीस वर्षं फरशी विकणारे आमचे काका छातीवर हात ठेवून म्हणाले, "साधा कसा? मॅडम, एक नंबर माल आहे. दक्षिणेतला ग्रॅनाइट. आरसा आहे आरसा. हात फिरवून बघा, एक दाणा लागणार नाही."

म्हणून झाल्यावर त्यांना कळलं.

शबनमचा पेला तोंडापाशी तसाच राहिला. मॅडमनी सतरंजीची कड दोन बोटांनी धरली, वर केली आणि वाचायला लागल्या. सगळं वाचलं. मान्यवरांच्या नावांसह. मग सतरंजी हळूच पूर्ण बाजूला केली.

"म्हणजे इतका वेळ मी तुमच्यावर बसले होते, थेटे साहेब."

"मॅडम, ते," काका म्हणाले.

"हे बांधकाम आहे."

"बाक आहे, मॅडम," मुख्याधिकारी म्हणाले. "बसायला."

"छान. बाक असेल तर हलवा."

मुख्याधिकाऱ्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी आपल्या चपलांकडे.

"मी खोटं लिहीत नाही," मॅडम म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, तेच जास्त वाईट होतं. "मी विश्रामगृहावर जाऊन जेवणार आहे. पुण्याला निघताना इथे परत थांबेन, इथूनच एक फोटो काढेन. फोटोत जे असेल ते लिहीन. दगड असेल तर दगड." त्यांनी टोपी घातली. जाता जाता माझ्या डोक्यावर टपली मारली. "तुझा खो मला ऐकू आला."

गाडी गेली. धूळ खाली बसली.

"अध्यक्षसाहेब, घण मागवतो," मुख्याधिकारी म्हणाले.

"पूजा झाली आहे," काका म्हणाले. आवाज बारीक झाला होता. जवळजवळ माझ्यासारखा. "सगळ्या गावासमोर नारळ फोडलाय. आता सगळ्या गावासमोर स्वतःचं नाव फोडू? निवडणूक तोंडावर आलीय. लोक म्हणतील, थेट्याने आपल्या हाताने आपला दगड फोडला. अपशकून आहे तो. नाही जमणार."

"मग मुलींनी काय करायचं?" वाघचौरे बाई म्हणाल्या. "परत फरशीवर जायचं?"

"बाई, मी काय म्हणतो, दुसरी कुठलीतरी जागा."

"कुठली?"

मुख्याधिकारी नगराध्यक्षाला हुकूम देऊ शकत नव्हते. बाई शाळेतल्या बाई होत्या आणि शाळेचं अनुदान नगरपरिषदेतून यायचं. मोठी माणसं सगळी उभी होती आणि सगळी बसल्यासारखी उभी होती. आमच्या मुली पेले हातात घेऊन आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होत्या. प्राचीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं.

माझा गळा अजून गरम होता. खो म्हटल्यावर जसा झाला होता तसाच.

"काका," मी म्हणाले.

सगळ्यांनी शबनमकडे बघितलं. कारण आवाज मोठा होता.

"काका, मी आले होते भूमिपूजनाला. पहिल्या रांगेत होते, तुमच्या घरच्यांबरोबर. भटजींनी पूजा जमिनीची केली. पाणी जमिनीवर सोडलं, फुलं जमिनीवर वाहिली, टिकाव तुम्ही जमिनीवर मारलात. दगड तर तेव्हा टेम्पोतच होता. तो दुपारी आला."

काकांनी पायाखालच्या मातीकडे बघितलं.

"पूजा झालेली जमीन आहे," मी म्हणाले. "दगडाची पूजा झालीच नाही. आणि जमीन गेली तर मग पूजा झालेलीच वस्तू गेली."

"ही कोण बोलते आहे?" काका बाईंना म्हणाले.

"तुमच्याच समोरच्या घरातली आहे," बाई म्हणाल्या.

"हिला बोलता येतं?"

"आत्ताच यायला लागलंय," शबनम म्हणाली.

काका ओट्याभोवती एक फेरी मारून आले. दगडावरून हात फिरवला, जसा माणूस गायीच्या पाठीवरून फिरवतो. मी आधी म्हटलं ना, स्वतः निवडला होता त्यांनी. मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

"टिकाव आणा," ते म्हणाले. "तोच आणा. आणि एक छिन्नी."

मंडपाच्या सामानात टिकाव तसाच पडून होता. गुलाबी रिबीन अजून बांधलेलीच होती. काकांनी ती सोडली नाही. मुख्याधिकारी घणाचं काहीतरी म्हणाले तेव्हा काका त्यांच्यावर खेकसले, "एक नंबर मालाला घण? दुकानात पाय ठेवू देणार नाही मी तुम्हाला." मग गुडघ्यावर बसून त्यांनी छिन्नीने कडेकडेचं सिमेंट सोलून काढलं. सिमेंट भुसभुशीत होतं, पुरतं धरलं नव्हतं. "घाई केली ना, पाणी नीट मारलं नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "घाईचं काम असंच." टिकावाचं टोक फटीत घालून त्यांनी सावकाश दाबलं. दगड चुळबुळला. एक चीर न पडता सबंध वर आला.

"धरा गं पोरींनो. बोटं सांभाळा."

आम्ही बारा जणींनी तो उचलून काकांच्या दुकानाच्या टेम्पोत ठेवला. विटा एकीकडून दुसरीकडे हातोहात गेल्या, रांगेत, खो दिल्यासारख्या. ओट्याच्या जागी काकांनी पायाने माती सारखी केली. मग शबनमने आमच्या सगळ्यांना तिथे गोल गोल पळायला लावलं, म्हणजे ताजी माती ताजी दिसणार नाही.

मॅडम परत आल्या. गाडीतून उतरल्या. जिथे बसल्या होत्या तिथे उभं राहून फोटो काढला. फोटोत बांध होता, दोन खांब होते आणि मातीने माखलेल्या आम्ही. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी लिहिलं, सही केली.

"थेटे साहेब," जाताना त्या म्हणाल्या, "घरासाठी फरशी घ्यायची आहे मला. तुमचा पत्ता द्या."

काकांनी पत्ता दिला. भाव मात्र सांगितला नाही, एवढं त्यांना कळत होतं.

मैदान आम्हाला पुढच्या शाळेच्या वर्षात मिळालं. काका निवडणूक हरले. दगडामुळे नाही, पाणीपट्टीमुळे. नवीन नगराध्यक्षांनी फाटकाशी छानशी भिंत बांधून तिच्यात स्वतःच्या नावाची कोनशिला बसवली, आणि आता त्या कोनशिलेला टेकवून सगळं गाव सायकली लावतं. मी संघात आहे. राखीव नाही. शबनम कॉलेजात गेल्यापासून कप्तान मीच आहे, आणि वर्गात मी फार बोलले की शिक्षा म्हणून बाई मला दुपारची घंटा होईपर्यंत सायकलींच्या अंगणात पाठवतात, तिथे मी भिंतीशी बोलते.

गेल्या आठवड्यात सकाळी सराव संपवून मी मैदानातल्या नळावर पाय धुवायला गेले. नळाखाली एक मोठा काळा दगड आहे, खडबडीत. मैदान झालं तेव्हा तो एका टेम्पोतून आला होता, आणि काकांनी स्वतः उभं राहून तो उलटा घालून घेतला होता. "गुळगुळीत बाजू वर ठेवली तर पोरी घसरतील," एवढंच म्हणाले होते. इतर मुलींना तो दगड म्हणजे दगड आहे.

काका रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारायला येतात. तेही पाणी प्यायला नळाशी आले. त्यांना बघून माझे पाय सवयीने जरा बाजूला सरकले, दगडाच्या कडेला.

"कडेला काय उभी राहतेस," काका म्हणाले. "पाणी उडतंय सगळं. मधोमध उभी राहा."

"मधोमध?"

"मग? काही होत नाही." त्यांनी ओंजळ नळाखाली धरली. "एक नंबर माल आहे."